चारशे बारा पावलं

सुरुवातीलाच माफी मागते. माझं मराठी शाळेतलं नाही, घरातलं आहे. मी मस्कतमध्ये इंग्रजी शाळेत शिकले आणि लिहायला-वाचायला आईने शिकवलं, तेही आलेल्या पत्रांना उत्तरं लिहिता यावीत एवढ्यापुरतं. त्यामुळे चुका होतील. दुसरी माफी जास्त महत्त्वाची आहे. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे त्यांच्याविषयी लिहायचा हक्क मला आहे का, याची मला खात्री नाही. त्यांना ओळखणारी, त्यांच्याशी नीट वागलेली पुष्कळ माणसं मस्कतजवळ बरक्याच्या कामगार कॅम्पमध्ये आहेत. पण ती लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहिते आहे.

गंगारामकाका आमचे नात्याने कोणी नव्हते. पप्पांचं गाव आणि त्यांचं गाव एकाच तालुक्यात, मध्ये एक खाडी. पप्पा एसी मेकॅनिक आणि काका शटरिंगचे मेस्त्री, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी जो लाकडी साचा बांधतात तो बांधणारे. आम्ही मस्कतच्या दार्सैत भागात दोन खोल्यांत राहायचो. काका बरक्याला कंपनीच्या कॅम्पमध्ये, एका खोलीत आठ जण. दर शुक्रवारी सुट्टीला ते सकाळी बरक्याच्या बाजारातून मासे घेऊन शेअर टॅक्सीने आमच्याकडे यायचे. पिशवीतून पाणी गळत असायचं आणि टॅक्सीवाल्याने वाटेत किती शिव्या दिल्या ते काका दारातच सांगायचे.

"वहिनी, आज बलुचीनं मला मागं डिकीत बस म्हटलं. मी म्हटलं, सुरमई पुढं बसव, मी जातो डिकीत."

बुटके, रुंद, हाताची बोटं चौकोनी. कानावर पेन्सिल, शुक्रवारीसुद्धा. शर्टाच्या खिशात मेजरिंग टेप. आमच्या घरात आल्यावर ते प्रत्येक वस्तूकडे अशा नजरेने बघायचे की जणू ती जरा तिरकी आहे. एकदा जेवताना उठून त्यांनी कॅलेंडर सरळ केलं. आई म्हणाली, "भावजी, कढी गार होतेय." तर म्हणाले, "वाकड्या महिन्यात जेवण पचत नाय, वहिनी."

मी दहावीला असताना त्यांनी मला टेबल करून दिलं. साइटवर टाकून दिलेल्या शटरिंगच्या प्लायचं, फोरमनला विचारून आणलेलं. वरून इतकं घासलं होतं की हात फिरवला तर काचेसारखं लागायचं. खालून मात्र जुन्या सिमेंटचे डाग तसेच होते. ते गेले नाहीत. काका म्हणाले, "खालून बघायला कोण येतंय?" नंतर मी त्या टेबलावर जमिनीला टेकेल एवढी लांब चादर घालायला लागले. काकांनी ती चादर पाहिली, उचलून एकदा खालचे स्क्रू तपासले आणि पुन्हा व्यवस्थित सोडली.

मी अभ्यास करत असले की ते त्या खोलीत चप्पल घालून येत नसत. त्यांची एकच मागणी असायची, "मोठ्यानं वाच गो बाय." मी इकॉनॉमिक्सचा धडा इंग्रजीत वाचायची. काका मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून ऐकायचे. एक शब्द कळत नसे. धडा संपला की म्हणायचे, "बरं झालं." जसं काही मी त्यांचं एखादं अडलेलं काम करून दिलं होतं. काका स्वतः चौथीतून बाहेर पडले होते. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या शुक्रवारी त्यांनी सुरमईऐवजी पापलेट आणलं आणि टॅक्सीवाल्यालाही ही बातमी सांगितली. तेव्हापासून माझं नाव गेलं आणि मी 'कॉलेजवाली' झाले.

आता जयंतीचं सांगते.

ओमानमध्ये रस्त्यावर मिरवणूक काढता येत नाही. कुणीच काढत नाही. म्हणून आमच्या लोकांची जयंती एप्रिलच्या एखाद्या शुक्रवारी बरक्याला एका बागेत व्हायची. एका म्हाताऱ्या ओमानी अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग, चारी बाजूंनी भिंत. त्या भिंतीच्या आतून मिरवणूक निघायची. खजुराच्या फांद्या वाहायची हातगाडी धुऊन, फुलांनी सजवून तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवायचे. कॅम्पची पोरं पेंटचे रिकामे डबे वाजवायची. डोक्याला निळ्या पट्ट्या, आयांच्या पांढऱ्या साड्या, आणि आम्ही मुलं पाण्याच्या पाटात पाय बुडवत मागे मागे.

पहिल्या वर्षी अर्बाब खुर्ची टाकून बघत बसला होता. त्याला वाटलं लग्न आहे. त्याने काकांना विचारलं, "नवरा कुठे?" काका त्यांच्या कॅम्पच्या हिंदी-अरबीत म्हणाले, "ला अर्बाब, शादी नहीं. हमारा बडा आदमी का बर्थडे." अर्बाबने फोटोकडे बघितलं, चष्म्याकडे, कोटाकडे. "मुदीर?" म्हणजे साहेब का? काका म्हणाले, "ना. मुदर्रिस." म्हणजे मास्तर. एवढे दोन अरबी शब्द त्यांना बरोबर माहीत होते. त्यानंतर दर वर्षी अर्बाबकडून एक पातेलं खजूर आणि कहव्याची सुरई यायची.

बागेला एक फेरी झाली की मिरवणूक संपायला हवी. जेवण तयार असायचं, वास सुटलेला असायचा. पण इथे काका पुढे यायचे आणि दोन्ही हात वर करून म्हणायचे, "थांबा. राहिलेली हायत."

मग सगळ्यांनी पुन्हा चालायचं. चारशे बारा पावलं. पुढे काका, मागे हातगाडी, मागे आम्ही. दहा पावलांना ते एक बोट मिटायचे. शंभर झाली की डाव्या खिशातली खजुराची एक बी उजव्या खिशात टाकायचे. चार बिया आणि वर बारा. तिथे जे काही असेल, पाट असो, बकऱ्यांचं कुंपण असो, तिथे थांबून ओरडायचे, "खलास! पोचलो!" लोक टाळ्या वाजवायचे आणि जेवणाकडे पळायचे. कॅम्पची पोरं चिडवायची, "ओमानात टॅक्सीला मीटर नाही, पण आमच्या मेस्त्रीला आहे."

मी बारा-तेरा वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, ही कुठली पावलं?

त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात मिरवणूक वाडीतून निघायची आणि वरच्या आळीच्या तोंडाशी पार आहे, तिथून वळायची. आळीत जायची नाही. आळीच्या दुसऱ्या टोकाला शाळा. काका लहानपणी रोज त्याच आळीतून शाळेत जायचे. तिसरीत आकडे शिकवले तेव्हा त्यांनी पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत पावलं मोजली होती. चारशे बारा. रोज मोजायचे, रोज तेवढीच भरायची.

"एकटा गेलो तर कोण काय बोलत नसे," काका म्हणाले. "पाटी घेऊन जा, दप्तर घेऊन जा. फोटो घेऊन जायचा नाय. एकदा पोरांनी पुढं पाय टाकला, तर पार मोडेस्तोवर मारामारी. पोलीस आले, म्हणाले, आहे तिथून वळवा, कशाला वाद? त्याला झाली तीस वर्षं. अजून वळवतात."

"पण इथे चालून काय होणार?"

"तिथली चालून होतील तवा होतील. तोपर्यंत पायाला सवय हवी ना?"

"मग टेपने का नाही मोजत? खिशातच तर आहे."

टेपवर हात ठेवून ते हसले. "टेप कंपनीचा. पावलं आपली."

हे सगळं मला माहीत होतं. न कळणाऱ्या वयात सांगितलं होतं असं मी म्हणू शकत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना जयंती भरवणाऱ्या मंडळाची बैठक साळवे सरांच्या घरी झाली. साळवे सर मोठे इंजिनियर, स्वभावाने सज्जन. आधी मंडळात कॅम्पची माणसं जास्त होती, आता ऑफिसात काम करणारी कुटुंबं वाढली होती. सरांचं म्हणणं असं की यंदा कार्यक्रम मस्कतला हॉटेलच्या हॉलमध्ये करावा. एसी असेल, भाषणं होतील, मुलांची प्रश्नमंजुषा होईल. बरक्याला उन्हात लहान मुलांना त्रास होतो. काही जण हो म्हणाले. कॅम्पमधले चार-पाच जण दाराजवळ सतरंजीवर बसले होते. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मग मिरवणुकीचं?"

साळवे सर माझ्याकडे वळले. "आपल्या मुलांत ही कॉलेजात जाते. नव्या पिढीला काय वाटतं तेही ऐकू. सांग बेटा, मोकळेपणाने सांग."

मी उभी राहिले. खरं कारण मी सांगितलं नाही. खरं कारण असं होतं की माझ्या वर्गातल्या मृणालला मी कार्यक्रमाला बोलावलं होतं. ती पुण्याच्या घरातली, तिचे वडील बँकेत. मला सूत्रसंचालन करताना तिने बघावं असं मला वाटत होतं, पेंटचे डबे आणि हातगाडी तिने बघू नये असंही वाटत होतं. मी म्हणाले, "मिरवणूक फार लांबते. एक फेरी झाल्यावर पुन्हा चारशे बारा पावलं कशासाठी ते बाहेरच्यांना कळत नाही. लोक कंटाळतात. त्यापेक्षा तेवढ्या वेळात एक चांगलं भाषण होईल."

पप्पांनी मान खाली घातली. मग दाराजवळून काकांचा आवाज आला.

"बरोबर बोलते ती."

सगळे वळले. काका उठून उभे राहिले होते. "शिकलेल्यानं सांगायचं आणि आपण ऐकायचं. आपल्याला दुसरं काय शिकवलंय? मिरवणूक लांबते, हे खरंच हाय. माझ्यामुळं लांबते." आणि हॉलच्या बाजूने पहिला हात त्यांनी वर केला. ते पाहून कॅम्पच्या बाकीच्यांनीही केले.

घरी येताना टॅक्सीत पप्पा एवढंच म्हणाले, "नीट बोललीस." त्यांनी ते कसं म्हटलं ते मला लिहिता येत नाही.

कार्यक्रम चांगला झाला. सगळे म्हणाले चांगला झाला. मी निळ्या काठाची साडी नेसले होते, माईकवर अडखळले नाही. काका कॅम्पमधल्या तिघांबरोबर शेवटच्या रांगेत बसले होते. नवा पांढरा शर्ट, अजून घडीच्या रेषा दिसत होत्या. मी प्रत्येक वेळी बोलायला उभी राहिले की ते हात जोडून डोळे मिटायचे, माझा धडा ऐकताना मिटायचे तसेच.

जेवणाच्या वेळी ते दिसले नाहीत.

मृणालचे वडील तिला न्यायला येणार होते म्हणून मी तिला सोडायला बाहेर आले. हॉटेलच्या मागे मोठं पार्किंग होतं. दुपारचे दोन वाजले असतील, डांबर तापलेलं. आणि गाड्यांच्या दोन रांगांमधून काका चालत होते. एकटेच. डावा हात शर्टाच्या खिशावर. त्या खिशात त्या दिवशी टेप नव्हता, बाबासाहेबांचा पाकिटाएवढा फोटो होता, त्याची कड वर दिसत होती. उजव्या हाताची दोन बोटं मिटलेली. ओठ हलत होते.

मला एका नजरेत कळलं की ते काय करत आहेत.

मृणाल थांबली. ती मनाने चांगली मुलगी आहे, हे मला सांगायलाच हवं. ती म्हणाली, "अगं, ते काका केव्हाचे फिरतायत. मी मघाशी काचेतून पण बघितलं. काहीतरी हरवलंय का त्यांचं?"

"गाडी सापडत नसेल," मी म्हणाले.

मी त्यांच्यापासून दहा हातांवर होते. त्यांना ऐकू गेलं. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग मृणालकडे, तिच्या कपड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एका क्षणात त्यांना सगळं समजलं असावं. ते मला 'बाय' म्हणाले नाहीत, 'कॉलेजवाली' म्हणाले नाहीत. अनोळखी मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "व्हय. गाडी मिळत नाय."

"कुठली गाडी, काका?" मृणालने विचारलं. "आम्ही शोधू ना."

"पांढरी."

"इथे सगळ्याच पांढऱ्या आहेत. नंबर काय?"

काकांना गाडी कधीच नव्हती. त्यांना चालवताही येत नसे. ते जरा थांबले आणि म्हणाले, "चारशे बारा."

मृणाल खरोखर शोधायला लागली. एकेका गाडीपुढे वाकून नंबर वाचायची, "हा नाही... हाही नाही." तिच्या मागून काका चालत होते, ती थांबेल तिथे थांबत होते, आणि दर वेळी मान हलवून "नाय" म्हणत होते. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. एक रांग झाली, दुसरी निम्मी झाली. मग काका म्हणाले, "मिळाली, मिळाली. त्या अंगाला हाय, दिसली मला. जा पोरींनो तुम्ही, ऊन फार हाय." त्यांनी उजव्या खिशातून दोन बिया काढल्या, परत डाव्या खिशात टाकल्या आणि पार्किंगमधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याकडे गेले, जिथे बरक्याच्या टॅक्सी थांबतात.

"चारशे बारा नंबर म्हणजे केवढी भारी गाडी असेल," मृणाल म्हणाली. तिथे तीन आकड्यांचे नंबर श्रीमंतांकडे असतात. मी हसले. हो, मी तेव्हा हसलेही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मला वाटलं ते येणार नाहीत. ते आले. पिशवीतून पाणी गळत होतं. "वहिनी, आज टॅक्सीवाला सुदानी होता, त्यानं बांगड्याला नमस्कार केला," असं काहीतरी सांगत आत आले. जेवले. माझ्या खोलीच्या दाराशी चप्पल काढली आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच गो बाय." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," ते म्हणाले. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारीही बोलायला हवं होतं. असे पस्तीस-छत्तीस शुक्रवार मला मिळाले.

त्या वर्षअखेर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कंपनी दुक्मला कुठल्याशा कामावर पाठवायला तयार होती, पण काका म्हणाले, आता गुडघे शिडी चढत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी ते निरोपाला आले. आईने पुरणपोळी केली होती. जाताना ते माझ्या खोलीत आले, चादर उचलली, टेबलाखाली वाकले आणि कानावरच्या पेन्सिलीच्या टोकाने एकेक स्क्रू ठोकून बघितला. मी शेजारी उभी होते. त्यांच्या टकलाच्या वर सिमेंटचे जुने डाग तसेच दिसत होते.

"हलत नाय ना?"

"नाही, काका."

"हलणार नाय." ते गुडघ्यावर हात देऊन उठले, चादर सारखी केली आणि गेले. मी चादर दुसऱ्या दिवशी काढून टाकली. पण त्यांनी ते बघितलं नाही.

गावाहून दोन पत्रं आली, पप्पांना. माझ्यासाठी त्यांत एक ओळ असायची, 'कॉलेजवालीस आशीर्वाद.' मी उत्तर लिहायला बसायची आणि माफी या शब्दाच्या पुढे जाता यायचं नाही. वाटायचं, परीक्षा झाली की सुट्टीत जाऊ, समोर बसून सांगू. मग आम्ही दार्सैतमध्येच दुसऱ्या इमारतीत राहायला गेलो, जुना फोन बंद झाला, पत्रं थांबली.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी बरक्याच्या कॅम्पमधला महादेव आमचं नवं घर शोधत आला. तो काकांच्या गावचा, काकांच्या हाताखाली शटरिंग शिकलेला. सुट्टीवरून परतला होता. आईसाठी कोकमं आणली होती. तो बसला, पाणी प्यायला, आणि पप्पांना म्हणाला, "मेस्त्रींचं कळलं असेलच तुम्हाला."

आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

"श्रावणात गेले. झोपेतच. तुमच्या जुन्या नंबरावर फोन केला होता पोरांनी, लागला नाही."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. महादेवने पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी निरोप होता त्यांचा. मी तेव्हा गावालाच होतो. यंदा एप्रिलात मिरवणूक वरच्या आळीतून गेली. शाळेपर्यंत. दोन्हीकडच्या पोरांनी आधी बसून ठरवलं, पोलीस नुसते उभे होते, काही झालं नाही. एका बाईनं तर पाणी आणून दिलं. मेस्त्री सगळ्यांच्या पुढं. बोटं मिटत, खिशात बिया टाकत. आणि फाटकाशी पोचले तर भरली किती? दोनशे सत्त्याऐंशी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्यांनापण तेच. म्हणाले, माझं चुकलं. परत पारापाशी गेले, एकटे, पुन्हा मोजत आले. दोनशे सत्त्याऐंशी. मग शाळेच्या पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, अरे, मोजली तेव्हा मी तिसरीत होतो. पाय केवढे होते माझे! मेस्त्री झालो, जन्मभर मापं घेतली आणि हे ध्यानात आलं नाय."

महादेवही थोडा हसला. मग सावरून बसला.

"मग मला म्हणाले, तू मस्कतला गेलास की कॉलेजवालीला सांग. ती भर बैठकीत म्हणाली होती की मिरवणूक लांबते. तिचंच बरोबर होतं. मी माणसांना इतकी वर्षं उन्हात सव्वाशे पावलं जादा चालवलं. माझ्या वतीनं तिची माफी माग."

आणि महादेव खुर्चीतून उठला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले.